शाजियाच्या मापाचं झापड

त्या रविवारी सकाळी मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. अकोल्याकडच्या आमच्या शिरपूरचे लोक होतेच, आसपासच्या खेड्यांतूनही लोक आले होते. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळ्यांच्या नजरा स्टेजवरच्या एका अकरा वर्षांच्या मुलीवर खिळलेल्या. तिच्या डोळ्यांवर काळ्या कापडाचं, आत फोम भरलेलं झापड होतं. हनुवटी किंचित वर. गर्दीतल्या कुणीतरी खिशातून काढून दिलेलं बसचं तिकीट तिच्या हातात होतं. तिनं ते नाकाजवळ नेलं, दोनदा वास घेतला, अंगठ्यानं चोळलं आणि वाचायला लागली.

"शिरपूर ते मालेगाव. फुल एक."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी हौसाबाई बसल्या होत्या. आठवडी बाजारात त्यांचं वांगी-टमाट्यांचं दुकान असतं. त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पाह्यलं काय, भाऊ? पोट्टी नाकानं वाचून राह्यली. अन् आमाले दोन डोये असून बसची पाटी वाचता येत नाई."

ती मुलगी म्हणजे माझी नात राधिका. मीही टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर इतरांपेक्षा जरा जास्तच वाजवल्या.

मग हा क्लास चालवणारा मुकेश पुढे आला. अंगात कोट, कॉलरला छोटा माइक. त्याची बोलण्याची पद्धत मोठी गोड होती.

"मायबापहो, हा चमत्कार नाही. इथं अंगारा नाही, ताईत नाही, लिंबू-मिरची नाही. हे शुद्ध सायन्स आहे. आपला मेंदू म्हणजे दोन खोल्यांचं सरकारी ऑफिस. डाव्या खोलीत कारकून बसलाय. पाढे, व्याकरण, पाठांतर, सगळं त्याच्याकडे. उजव्या खोलीत कोण आहे? कलेक्टर! पण साहेब झोपलेत. आपली शाळा काय करते? कारकुनालाच बढती देते. आम्ही काय करतो? साहेबांना उठवतो. आणि एकदा साहेब उठले, की डोळे म्हणजे नुसती खिडकी. खिडकी लावून घेतली म्हणून कलेक्टरला जिल्हा दिसायचा थांबतो का?"

लोक हसले. एक बाई तर "नाई थांबत" असं उत्तरही देऊन बसल्या.

"साहेबांना उठवायला तीन गोष्टी लागतात. अल्फा संगीत, सलग चार रविवार आणि पालकांची पॉझिटिव्ह श्रद्धा. ऋषिमुनींना हे ठाऊक होतं. जपानला आत्ता कळलं. आणि शिरपूरला," इथं त्यानं नेमका श्वास घेतला, "शिरपूरला आज कळतंय."

त्याच्या मागं मेंदूचं मोठं रंगीत चित्र टांगलेलं होतं. उजव्या डोळ्यातून एक लाल रेघ थेट डाव्या मेंदूत गेली होती आणि डाव्या डोळ्यातून एक निळी रेघ थेट उजव्या मेंदूत.

हे चित्र चुकीचं आहे, हे मला सहा महिन्यांपासून ठाऊक होतं.

मी गावच्या वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माझं शिक्षण बेताचं, पण पुस्तकांशेजारी बसून थोडंफार डोक्यात शिरतंच. मेंदूचे दोन भाग असतात हे खरं आहे. बोलण्याचं काम बहुतेकांच्या बाबतीत डावीकडून जास्त चालतं, हेही खरं. फेफऱ्याच्या काही रोग्यांचा दोन भागांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेनं कापला, तेव्हा या दोन भागांची वेगवेगळी कामं कळून आली. पण तुमच्या-माझ्या डोक्यात तो पूल शाबूत असतो आणि दोन्ही भाग सतत मिळून काम करतात. कुणी झोपलेलं नसतं. आणि प्रत्येक डोळ्यातून दोन्हीकडे तारा जातात. आपल्या डाव्या बाजूला जे दिसतं ते उजव्या मेंदूत जातं, पण ते दोन्ही डोळ्यांतून जातं. एका डोळ्याचा एकच मेंदू, असं काही नसतं.

हे सगळं ठाऊक असून मी सहा महिने गप्प बसलो. वाटलं, आपलं पुस्तक जुनं असेल. विज्ञान पुढं गेलं असेल. चाळीस पोरं डोळे बांधून वाचतात, दोनशे माणसं पाहतात, आणि चूक काढणार कोण, तर चष्मा लावूनही रस्त्यात माणूस ओळखू न येणारा मी, चंपत नावाचा निवृत्त ग्रंथपाल?

आणखीही एक कारण होतं. मुकेश माझा होता.

त्याची आई ओढ्याकाठच्या तुकड्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायची. भाजी विकायला ती बाजारात बसली की मुकेश वाचनालयात येऊन बसायचा. मेंदूवरचं पहिलं पुस्तक मी त्याला दिलं, तेव्हा तो नववीत होता. ते त्यानं तीनदा नेलं. मला मुलगा नाही, एक मुलगी आहे, राधिकाची आई. या पोरानं मात्र माझ्या कपाटांचं चीज केलं, असं मला वाटायचं. पुण्याला राहून तो परत आला, हा क्लास काढला आणि सगळ्यांत आधी माझ्या पाया पडायला आला. म्हणाला, "काका, पत्रकासाठी दोन ओळी लिहून द्या. तुमच्या शब्दाले गावात वजन आहे." मला कुणी वजनदार म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. मी लिहून दिल्या.

राधिका उतरली आणि मुकेशनं दुसरं नाव पुकारलं. "आता आपल्या क्लासची सगळ्यात लहान विद्यार्थिनी. सात वर्षांची शाजिया."

शाजिया माझे मित्र सैफुद्दीन टेलर यांची पोती, म्हणजे नात. वाचनालयासमोरच त्यांचं दुकान. सगळ्या वर्गासाठी ती काळी झापडं त्यांनीच शिवली होती. शाजियाचा डावा डोळा आळशी होता. डॉक्टर त्याला आळशी डोळाच म्हणतात. डोळा दिसायला नीट, पण त्यातून येणारं चित्र धूसर असल्यामुळे मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो आणि चांगल्या डोळ्यावरच भागवतो. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला होता आणि रोज चार तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायला सांगितलं होतं. म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागेल. त्यांनी बजावून सांगितलं होतं की हे लहानपणीच जमतं. सात-आठ वर्षांनंतर मेंदू हट्टी होत जातो.

मुकेशनं ती पट्टी सोडायला लावली. "उजवा डोळा झाकला की डावा मेंदू झोपतो, बॅलन्स बिघडतो," असं त्याचं म्हणणं. "चष्मा ही डोळ्यांची कुबडी आहे. साहेब उठले की दोन्हींची गरज नाही." सैफुद्दीनभाई विचारायला माझ्याकडे आले होते. मी त्यांना म्हणालो होतो, "मुकेश खोटं बोलणारा पोरगा नाही."

तर शाजिया स्टेजवर आली. नवा फ्रॉक, आणि डोळ्यांवर आजोबांनी खास तिच्यासाठी शिवलेलं नवं झापड, कडेला बारीक चंदेरी गोट लावलेलं. मुकेशनं तिच्या हातात लाल रंगाचं कार्ड दिलं. तिनं वास घेतला. चोळलं. हनुवटी वर केली, आणखी वर केली. पार छताकडे तोंड झालं.

"सांग बेटा, कोणता रंग?"

शाजियानं कार्ड पुन्हा नाकाशी नेलं.

"घाबरू नको. साहेबांना विचार."

"सर," ती हळूच म्हणाली, "आज अंधार हाये."

माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी फिसकन हसलं. मुकेशचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि लगेच तो सावरला. "पालकहो, हाच शिकण्याचा क्षण आहे. मूल निर्मळ असतं. पण घरात निगेटिव्ह विचार असले, कपाटात अजून डॉक्टरांच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असल्या, की मूल ते ओढून घेतं. आपण शाजियाला नाही, तिच्या घराला प्रार्थनेची गरज आहे असं म्हणू."

सगळ्या माना मागं वळल्या. सैफुद्दीनभाई उठले, स्टेजपर्यंत गेले आणि पोतीचा हात धरून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. दुकान उघडं टाकून आले होते. हातात पिशवी.

"चंपतभाऊ, पोट्टीनं कालपासून धड खाल्लं नाई. म्हणते, दादा, मायाच मेंदू खराब हाये काय? काय सांगू तिले? क्लासमंदी तं वाचत होती. म्या माया कानानं आयकलं."

"काल काही वेगळं होतं का?" मी विचारलं.

"कायीच नाई. कपडा तोच, फोम तोच. फक्त फिटिंग केलं."

"फिटिंग म्हणजे?"

"मुकेशनं एक नमुना देल्ला होता, तसे चाळीस शिवाचे. त्या नमुन्यात नाकापाशी माल ढिला. म्या म्हटलं, बावा, हे शिलाई बरोबर नाई, इथं दोन चुण्या टाकू दे. तो म्हणे नको चाचा, नमुन्यासारखंच पाह्यजे, श्वास घ्याले जागा लागते. गिऱ्हाईक म्हणते तसं देऊन टाकलं. पण काल मायी पोती दोनशे लोकाइसमोर उभी राहणार, अन् तिच्या तोंडावर ढिला माल? लोक म्हणतीन सैफुद्दीनले फिटिंग येत नाई. म्हणून तिचं माप घेतलं, नाकावर दोन चुण्या टाकल्या, अस्तर लावलं. असं बसलं की काय सांगू तुमाले, हवा जाणार नाई."

"सैफुद्दीनभाई," मी म्हणालो, "झापड तर डोळ्यांवर असतं. श्वासाला जागा कशाला लागते?"

मग त्यांनी पिशवीतून दोन झापडं काढून टेबलावर ठेवली. एक क्लासचं उरलेलं, एक शाजियाचं.

शाजियाचं मला लहान पडत होतं, ते मी नुसतं डोळ्यांवर दाबून धरलं. काळाकुट्ट अंधार. मग क्लासचं बांधलं. तोही अंधारच. मी म्हणालो, "यातूनही काही दिसत नाही हो."

"मान वर करा जराशी. पोट्टे करतात तशी."

मी हनुवटी उचलली. नाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, उजेडाच्या दोन चिरा उघडल्या. त्या चिरांमधून मला माझ्या सदऱ्याचं तिसरं बटण दिसलं. टेबलावरचं वर्तमानपत्र मी छातीशी धरलं, नाकाकडे आणलं, वास घ्यावा तसं. मथळा वाचला. मग बारीक अक्षरातली बातमी वाचली. बाहत्तराव्या वर्षी, एकही रविवार न भरता, माझ्या डोक्यातले कलेक्टर उठले होते.

झापड काढलं तेव्हा सैफुद्दीनभाई खुर्चीत मागं रेलून बसले होते. "म्हणजे या हातानं शिवलं म्या," ते म्हणाले. "चाळीस."

त्या दिवशी राधिका शाळेतून आली, तेव्हा मी टेबलावरचं झापड तिच्या दिसण्यातच ठेवलं होतं. रागावायचं नाही, असं ठरवलं होतं. तिनं झापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दप्तर न काढताच पलंगाच्या कडेवर बसली.

"कधीपासून, बेटा?"

"पहिल्या रविवारपासूनच."

"सरांनी सांगितलं, खालून बघ म्हणून?"

"असं नाई सांगतलं, आबा. सर म्हणे, ध्यान लावलं की पहिले खालून थोडासा उजेड येईन. तोच उजवा मेंदू. त्या उजेडाच्या मागं जा. मग मी उजेडाकडे पाह्यलं, तं तिथं अक्षरं होते. मले वाटलं, बाकी सगळ्यायले खरंच मेंदूनं दिसते. मी एकटीच लबाडी करून राह्यली. मी सांगतलं असतं तं सगळे म्हणले असते, राधिकाचाच मेंदू उठत नाई."

"आईला तरी सांगायचंस."

"आई तं आनंदानं रडली होती ना. अन् तुमी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या."

अकरा वर्षांच्या पोरीनं सहा महिने आपल्याला फसवलं, याचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण तिनं जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर माझंच होतं. चुकीचं चित्र समोर पाहून मीही तेच म्हणालो होतो, की सगळ्यांना दिसतंय त्याअर्थी खोट माझ्यात असणार. चाळीस घरांत चाळीस पोरं एकेकटी असंच समजून गप्प होती. मुकेशचा धंदा या गप्पपणावर चालला होता.

पुढच्या रविवारी नव्या बॅचचा कार्यक्रम होता. मी काय बोलायचं ते दोन पानं लिहून नेलं होतं. माणसांपुढं बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. वाचनालयाच्या वार्षिक सभेतही मी अहवाल दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो. राधिकाला मी घरीच ठेवलं होतं. काही झालं तरी एकाही मुलाला स्टेजवर उभं करून खोटं ठरवायचं नाही, एवढं पक्कं होतं. खोटं मोठ्यांचं होतं.

मुकेशचं "साहेब झोपलेत" झाल्यावर मी उभा राहिलो. दोन पानं खिशातच राहिली.

"मुकेश, मी बांधून पाहू का?"

तो हसला. गुरूला नाही कसं म्हणणार? शिवाय म्हातारा चाचपडला की लोक हसतील आणि चार रविवारांचं महत्त्व पटेल, असाच त्याचा हिशेब असणार. "या ना काका! आमचे गुरू आहेत हे, पालकहो. उजवा मेंदू वय बघत नाही."

त्यानं स्वतःच्या हातानं मला झापड बांधलं. मी हनुवटी वर केली आणि कार्यक्रमाचं पत्रक मागून घेतलं. वास घेतला. अंगठ्यानं चोळलं. मग वाचलं.

"'मुकेश हा आमच्या वाचनालयाचा जुना वाचक. अभ्यासू आणि प्रामाणिक. त्याच्या हाती मुलं सोपवायला हरकत नाही. चंपत, निवृत्त ग्रंथपाल.'"

आधी टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

"मी एकही क्लास केलेला नाही," मी म्हणालो. "माझा कुठलाच मेंदू उठलेला नाही. नाकाजवळ फट आहे, तिथून दिसतं. हे पत्रकातलं मी लिहिलं होतं. तपासून लिहिलं नव्हतं."

मग मी खिशातून दुसरं झापड काढलं. सैफुद्दीनभाईंनी माझं माप घेऊन शिवलेलं, नाकावर चुण्या घातलेलं. ते बांधून घेतलं आणि म्हणालो, "आता काहीच दिसत नाही. कुणीही येऊन काहीही दाखवा."

गलका झाला. मुकेश माइकवर बोलायला लागला, "काकांचं वय झालंय, डावा मेंदू डॉमिनंट झालेला आहे, शंका ही सगळ्यात मोठी..." पण तोवर हौसाबाई स्टेजवर चढल्या होत्या. त्यांनी क्लासचं झापड उचललं, उलटंसुलटं पाहिलं. "बैलाले बांधते ना, तसंच हाये. पण बैलाले बी याच्याहून घट्ट बांधते, बावा." त्यांनी ते डोळ्यांवर चढवलं, तोंड वर केलं आणि समोरच्या रांगेकडे बोट केलं. "तुयी साडी हिरवी. बाजूच्या पोट्टीच्या पायात एकच पैंजण. अन् मुकेश, तुया बुटाची नाडी सुटली हाये."

मुकेशनं खाली पाहिलं. नाडी सुटलेली होती.

लोक जे हसायला लागले ते थांबेनात. मग एकेक बाप उठला, प्रत्येकानं ते झापड बांधून पाहिलं, आणि ज्यानं पाहिलं त्याचं हसू तिथंच विरलं. मागच्या रांगेत एक माणूस आपल्या मुलाला विचारत होता, "तूबी असंच पाह्यत होता काय रे?" मूल मान खाली घालून उभं होतं. मी त्या बापाला म्हणालो, "त्याच्यावर ओरडू नका. तुम्ही खूश होता म्हणून तो बोलला नाही." माझ्या आयुष्यात दोनशे माणसांसमोर मी एवढंच बोललो आहे.

गर्दी पांगल्यावर मुकेश मला कार्यालयाच्या मागं, आचाऱ्यांच्या रिकाम्या चुलींपाशी भेटला. कोट त्यानं काढून हातावर टाकला होता.

"काका, तुमाले सांगाचं होतं तं मले एकट्यात सांगतलं असतं. भर सभेत काहून?"

"तुला माहीत होतं का, मुकेश?"

"पुण्यात ट्रेनिंग झालं तवा मले बी खरंच वाटलं होतं."

"मी ते विचारलं नाही."

"दुसऱ्या महिन्यात समजलं. पण तवर क्लास लागले होते. अन् वाईट काय झालं, सांगा? पोट्ट्यायचा कॉन्फिडन्स वाढला. मायबाप खूश झाले. मी कोनाचं काय नेलं?"

"शाजियाचे सहा महिने."

"तिच्या घरच्यायनं नुसत्या माया सांगण्यावर पट्टी सोडली काय? त्यायनं तुमाले विचारलं होतं. तुमी हो म्हटलं." मग जरा खालच्या आवाजात, "अन् पुस्तक बी तुमीच देल्लं होतं, काका. मेंदूचं."

पोरवयात तो माझ्या टेबलाशी बसून त्या पुस्तकातली चित्रं वहीत काढायचा, तेव्हा त्यानं डोळ्यांच्या तारा बरोबर काढल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या. म्हणजे स्टेजमागचं चित्र चुकीचं आहे हे त्यालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे मला तिथं, त्या चुलींपाशी कळलं. मी निघालो. तो मागून "काका" म्हणून हाक मारत होता.

दोन दिवसांनी आम्ही अकोल्याला गेलो. सैफुद्दीनभाई, शाजिया आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो आणि त्यांनी जा म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी शाजियाचा उजवा डोळा झाकून तिला तक्त्यासमोर बसवलं. पट्टी सोडण्याआधी ती डाव्या डोळ्यानं वरून चौथी ओळ वाचत होती, असं त्यांच्या कागदात होतं. आता दुसऱ्या ओळीवर अडली. बाईंनी पुन्हा विचारलं, खुर्ची सरकवली, दिवा बदलला. दुसरीच ओळ.

"पट्टी कधी सोडली?"

सैफुद्दीनभाईंनी सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यानं आम्हाला जास्त लागलं. "डोळ्यानं आलेलं मेंदूला पाहायला शिकवावं लागतं," त्या म्हणाल्या. "हे खरंच मेंदूचं काम आहे, पण त्यासाठी डोळ्यातून चित्र आत जायला हवं. डोळे बांधून मेंदू पाहायला शिकत नाही. आजपासून पुन्हा सुरू करू. आता सहा तास. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. काही मुलांचं येतं, काहींचं अर्धवट येतं."

परतीच्या बसमध्ये शाजिया खिडकीशी बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी. ती डाव्या डोळ्यानं बाहेरच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती आणि न आलेल्या सोडून देत होती. मालेगाव आलं तेव्हा सैफुद्दीनभाई म्हणाले, "चंपतभाऊ, म्या मुकेशले वयखत नव्हतो. तुमी त्याले वयखत होते. म्या तुमाले वयखत होतो. बस, इतलंच झालं."

ओळखीच्या त्या हिशेबात शिवी नव्हती, आवाज चढलेला नव्हता. चौतीस वर्षं समोरासमोर बसलेल्या माणसानं ते म्हटलं होतं.

हे मी लिहितो आहे ते शिरपूरसाठी नाही, शिरपूरला झापड बांधून पाहता आलं. असले क्लास आता तालुक्यातालुक्यात निघतात. त्यांच्याकडे अंगारा नसतो, कोट असतो. ते देवाचं नाव घेत नाहीत, मेंदूचं घेतात. निम्मं खरं सांगतात, म्हणून उरलेलं निम्मं गळी उतरतं. तुमच्या गावात कुणी डोळे बांधून मुलांना वाचायला लावत असेल, तर वाद घालू नका. कार्ड मुलाच्या कपाळासमोर धरा, किंवा डोक्यामागं. मेंदूच पाहत असेल तर त्याला जागा कुठली हे महत्त्वाचं नाही. गावच्या कुठल्याही टेलरकडून नीट मापाचं झापड शिवून घ्या. आणि शिकलेला, वाचलेला, ओळखीचा माणूस हमी देतो म्हणून गप्प बसू नका. माणसाची ओळख हा पुरावा नसतो. तुम्हाला एकट्यालाच दिसत नसेल, तर ते मोठ्यानं सांगा. शेजारचाही बहुधा तेच सांगायला थांबलेला असतो. माझं म्हणणंसुद्धा माझ्या शब्दावर घेऊ नका. एकदा तसं घेतलेलं एका मुलीला महागात पडलं आहे.

शाजियाचा डावा डोळा किती सुधारेल, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही, आणि तसं त्या सांगतात. दर महिन्याला त्या तिला तक्त्यासमोर बसवणार, एकेक ओळ विचारणार आणि जेवढं दिसेल तेवढंच कागदावर लिहिणार.